वाकणारे शब्द

श्रावणातली सकाळ होती. पाऊस नुकताच थांबला होता आणि मैदानातली लाल माती चपलांना चिकटत होती. सातवीची 34 मुलं गळ्यात पुठ्ठ्याचे तुकडे अडकवून इकडून तिकडे धावत होती. आदल्या रात्री मी जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर जाड पेनाने शब्द लिहिले होते. कुणाच्या गळ्यात घोडा, कुणाच्या विहीर, कुणाच्या फूल, आई, काका, सातारा. उरलेल्यांच्या गळ्यात प्रत्यय : ला, ने, शी, चा, त, हून. शिट्टी वाजली की प्रत्ययाने आपला शब्द शोधायचा, त्याचा हात धरायचा आणि दोघांनी मिळून जो शब्द होईल तो मोठ्यांदा म्हणायचा, एवढाच खेळ. ‘ला’भोवती तर झुंबड उडाली होती. ‘चा’ साताऱ्याला घेऊन कधीच पळाला होता. आणि लिंबाच्या झाडाखाली एक मुलगा गळ्यातली पाटी हातात धरून एकटाच उभा होता. मी जवळ गेले तसं म्हणाला, “बाई, मला कुणी घेतच नाही.”

त्याच्या पाटीवर ‘हून’ होतं.

मी त्याला म्हटलं, “अरे, गावांकडे जा. पुणे आहे बघ तिथे. पुण्याहून.” तो गेला. पुण्याचा हात धरून ‘पुण्याहून’ म्हणालाही, पण पाठ केलेलं म्हणावं तसं. तास संपला, मुलं वर्गात गेली, पाट्या माझ्या पिशवीत आल्या. त्याचं ते ‘मला कुणी घेतच नाही’ मात्र घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आलं.

आम्ही शाळेत होतो तेव्हा विभक्तीचा तक्ता पाढ्यांसारखा म्हणायचो. स, ला, ते. ने, ए, शी. ऊन, हून. चा, ची, चे. त, ई, आ. सुरात, डोळे मिटून, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत. त्या सुराला स्वतःची गोडी होती हे मी नाकारत नाही. आजही भाकरी थापताना तो तक्ता माझ्या ओठांवर येतो. पण तो तक्ता आणि आमचं बोलणं यांची भेट कुणी घालून दिली नव्हती. ‘आजीला सांग’ हे मी दिवसातून दहा वेळा बोलत होते. त्यातला ‘ला’ आणि भिंतीवरचा ‘ला’ एकच, हे मला कितीतरी उशिरा उमगलं. आणि जे बोलत होते त्याची तर लाजच वाटायला लागली होती. पाचवीत असताना फळ्यासमोर उभी राहून मी ‘पानी’ म्हणाले. वर्ग हसला. गुरुजींनी तो शब्द माझ्याकडून वीस वेळा म्हणवून घेतला. त्या दिवशी घरी गेले तेव्हा आईने नेहमीसारखं विचारलं, “पानी पिलीस का?” मी आईकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिचा शब्द चुकीचा वाटला. त्या संध्याकाळचं मला अजून वाईट वाटतं.

शिक्षिका झाले तेव्हा मनाशी एवढंच ठरवलं होतं की माझ्या वर्गातलं एकही मूल असं घरी जाणार नाही. खेळ वगैरे पुढे सुचले.

तर त्या पाट्यांच्या खेळाविषयी. दोन-तीन दिवसांत मुलांनी त्यात स्वतःची भर घातली. प्रत्ययाने हात धरला की शब्दाने बदलायचं असतं, हे त्यांना नव्याने शिकवावं लागलं नाही. ‘घोडाला’ असं कुणीही म्हटलं नाही, ‘घोड्याला’च म्हटलं. पण हे बदलणं दाखवायचं कसं? एका मुलीने उपाय काढला : जो शब्द बदलेल त्याने गुडघ्यात वाकायचं. मग घोडा वाकला. विहीर वाकली, कारण विहिरीत उतरताना तिची दुसरी वेलांटी पहिली झाली. फूल गळ्यात घातलेली मुलगी उंच होती. ‘ने’ने हात धरताच ती खाली बसली आणि ‘फुलाने’ म्हणाली, दीर्घ ऊकार ऱ्हस्व करून. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात. शुद्धलेखनाचे नियम राज्याने 1962 साली स्वीकारले तेव्हा ते 14 होते, 1972मध्ये चारांची भर पडून 18 झाले. त्यातला उपान्त्य इकार-उकार ऱ्हस्व होण्याचा नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते आणि वर्षानुवर्षं वह्यांमध्ये ‘फूलाला’, ‘विहीरीत’ यांवर लाल रेघा मारत आले होते. त्या उंच मुलीला खाली बसताना पाहिल्यावर त्या वर्षी वर्गात ‘फूलाला’ फारसं कुणी लिहिलं नाही. मीठ, ऊस, पूल, बहीण, सगळी मंडळी वाकत गेली. ‘गीत’ मात्र ताठ उभं राहिलं. गीताला, गीतात. मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “ते संस्कृतातून जसं आलं तसंच राहिलंय.” एकजण म्हणाला, “म्हणजे पावणं हाय.” आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

मग एके दिवशी काका अडले. काका, मामा, दादा, बाबा, आबा असे पाच आकारान्त पुरुष एका बाजूला, आणि घोडा, आंबा, वाडा, ओढा, डबा असे पाच दुसऱ्या बाजूला. पलीकडचे पाचही वाकले : घोड्याला, आंब्याला, वाड्याला, ओढ्याला, डब्याला. इकडचा एकही वाकेना. काकाला. मामाला. दादाला. शेवटचा आ तोच, लिंग तेच, मग हे का वाकत नाहीत? एक मुलगा म्हणाला, नात्यातली माणसं वाकत नाहीत. लगेच दुसऱ्याने तोडलं : सासरा नात्यातलाच की, पण सासऱ्याला. नवरा, नवऱ्याला. भाचा, भाच्याला. मेहुणा, मेहुण्याला. वर्ग गप्प झाला. मीही गप्पच होते, कारण ‘अपवाद’ या शब्दापलीकडे माझ्याकडेही काही नव्हतं.

उत्तर मागच्या बाकावरून आलं. एरवी फार न बोलणारी मुलगी. ती म्हणाली, “बाई, काका, मामा, दादा अशी आपण हाक मारतो. भाच्याला कुणी ‘ए भाचा’ म्हणत नाही. सासऱ्याला ‘ओ सासरा’ म्हणत नाही.”

मी किती तरी वेळ तशीच उभी होते. वीस-बावीस वर्षं मी हे शिकवत होते आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ज्या शब्दाने आपण माणसाला हाक मारतो तो शब्द त्या माणसाच्या नावासारखाच होऊन जातो, आणि नावाला आपण सहसा धक्का लावत नाही. पुढे आम्ही पुष्कळ शब्द तपासले. राजाही वाकत नव्हता, त्याला कुणी हाक मारो न मारो. पण त्याच्यासाठी आमचं पाहुण्याचं उत्तर तयार होतं. प्रत्येक शब्द त्या मुलीच्या उत्तरात बसला असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी घरी जाताना मला दादा या शब्दाकडे निराळंच बघावंसं वाटलं. आमचा दादा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्याच्याविषयी बोलताना मी अजून ‘दादाला असं आवडायचं’ म्हणते. ‘भावाला’ असं माझ्या तोंडून कधी येत नाही.

पुढचा आठवडा परदेशी शब्दांचा गेला. सोफा वाकतो, सोफ्यावर. कॅमेरा वाकतो, कॅमेऱ्यात. गोवा वाकतो, अमेरिकासुद्धा ‘अमेरिकेला’ होऊन वाकते, पण कॅनडा काही वाकत नाही. रिक्षावरून तर भांडणच झालं : निम्मी मुलं रिक्षेत बसून आली होती, निम्मी रिक्षात. पिझ्झा कुणी खाल्ला होता, कुणी नुसताच जाहिरातीत पाहिला होता, पण ‘पिझ्झ्यावर’ की ‘पिझ्झावर’ याविषयी सगळ्यांना ठाम मत होतं. मी निकाल दिला नाही. देता आला असता असंही नाही. शब्द आपल्या घरात रुळला की आपण त्याला आपल्यासारखं वाकवतो, आणि तो रुळला की नाही हे ठरवणारी माणसं त्या क्षणी माझ्यासमोर बाकांवर बसून भांडत होती. 

व्याकरण या शब्दाचा मूळ अर्थच वेगळं करून दाखवणं, उकलणं असा आहे. लहानपणी माझ्या आजोबांना मी गजराचं घड्याळ उघडताना पाहिलं होतं. जुन्या धोतराच्या तुकड्यावर एकेक चक्र ते ओळीने मांडत आणि आम्हां मुलांना हात लावू देत नसत, पण बघू देत. चालतं घड्याळ ते उघडत नसत. बंद पडलं की उघडत. भाषेचं तसं नाही. ती चालू असतानाच उघडून बघता येते, आणि उघडली म्हणून थांबत नाही.

मराठी भाषा अशी उघडून बघणारी पहिली छापील पुस्तकं परक्यांसाठी होती. विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण 1805 साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून निघालं, इंग्रजीतून, मराठी शिकू पाहणाऱ्या साहेबांसाठी. पुढे 1836मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापलं तेव्हा ते अवघे 22 वर्षांचे होते. मुलांसाठी छोटं व्याकरणही त्यांनी लिहिलं. 22 वर्षांचं वय मला फार लक्षात राहतं. आईकडून ऐकलेली भाषा हातात घेऊन हा तरुण बसला असेल, ‘आपण असं का बोलतो?’ असं स्वतःलाच विचारत. संस्कृताच्या आठ विभक्तींच्या चौकटीत मराठी बसवताना काही ठिकाणी ती ओढूनताणून बसली, यावर नंतरच्या पंडितांनी पुष्कळ लिहिलं. मोरो केशव दामल्यांचं 1911चं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ घेऊन बसलं तर दिवस कसा जातो कळत नाही. माझ्या वर्गात हा वाद दोन ‘ला’ समोरासमोर आल्यावर झाला. एक द्वितीयेचा, एक चतुर्थीचा. दोघांच्या पाट्या सारख्याच. “मग आम्ही दोघं कशाला?” असं त्यांनी विचारलं. प्रश्न दामल्यांच्या पंगतीत मांडावा असा होता.

प्रयोग शिकवायला मला जागा सापडली ती व्हरांड्यात, जेवणाच्या सुट्टीत. पोरं ओळीने बसून खिचडी खात असतात, काहींचे घरचे डबे उघडलेले असतात. मी एकीला विचारलं, काय खातेस? ‘मी लाडू खाते.’ तिच्या शेजारच्या मुलाला विचारलं. ‘मी लाडू खातो.’ लाडू तोच, पण खाणारा बदलला तसं क्रियापद बदललं. जेवण झाल्यावर पुन्हा विचारलं, काय खाल्लंस? मी लाडू खाल्ला. मी चपाती खाल्ली. मी थालीपीठ खाल्लं. मी पोहे खाल्ले. मी शेंगा खाल्ल्या. मुलगा असो की मुलगी, आता खाणाऱ्याला कुणी विचारत नव्हतं. खाल्ला, खाल्ली, खाल्लं हे सगळं पोटात गेलेल्या पदार्थावरून ठरत होतं. मुलांना याचं इतकं नवल वाटलं की हात धुवायच्या नळापाशीही ती एकमेकांना तेच विचारत होती. खाताना आपला मान, खाऊन झाल्यावर खाण्याचा मान, असं काहीतरी त्यांचं चाललं होतं. कर्तरी आणि कर्मणी ही नावं मी दुसऱ्या दिवशी सांगितली. नावं उशिरा आली तरी चालतात. ओळख झाल्यावर नाव विचारावं, तसं.

भावे प्रयोग मांजराने शिकवला. ते खिचडीच्या वासाने व्हरांड्यात शिरलं आणि एका मुलीने त्याला हुसकावलं. ‘मी मांजराला हाकललं.’ मग खेळ सुरूच झाला. मी बोक्याला हाकललं. मी मांजरीला हाकललं. मी मांजरांना हाकललं. बोका असो, मांजर असो, एक असो की दहा, हाकललं ते हाकललंच. क्रियापद कुणाकडे वळूनही बघेना. का? पोषण आहाराच्या पातेल्याजवळ उभ्या असलेल्या एका मुलाने सांगितलं, “मधी ‘ला’ उभा हाय ना बाई. त्याच्यामागचं दिसत नाय क्रियापदाला.” भावे प्रयोगाची याहून स्वच्छ व्याख्या मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही. 

लघु-गुरू सातवीला नसतात. पण एस.टी. स्टँडवर आम्हां सगळ्यांनाच बराच वेळ घालवावा लागतो, आणि तिथे पाट्या असतात. लघु अक्षराला चुटकी, गुरू अक्षराला टाळी. सातारा, तीन टाळ्या. मिरज, तीन चुटक्या. सांगलीला टाळी, चुटकी, टाळी. कराडला चुटकी, टाळी, चुटकी. ‘यमाताराजभानसलगं’ या दहा अक्षरांच्या माळेत छंदशास्त्राने आठ गण ओवून ठेवले आहेत. ती माळ मी कागदावर लिहून दिली आणि मुलांनी महिनाभरात तिच्यासमोर गावं मांडली : निपाणी, सातारा, लातूर, सांगली, कराड, पाटण, मिरज, परळी. आठ गण, आठ गावं, माळेच्या क्रमाने. सगळ्यांत उशिरा परळी सापडली, आणि ती सापडली तेव्हा सज्जनगडाच्या पायथ्याशी मामाचं गाव असलेल्या मुलीला आपल्याला बक्षीस मिळाल्यासारखा आनंद झाला. स्टँडवर एक कंडक्टर बराच वेळ आमच्याकडे पाहत होते. मग त्यांनी हातातल्या पंचाने तिकिटाच्या पेटीवर टकटक करत विचारलं, “महाबळेश्वर कसं वाजतं?” ते वाजवताना ‘श्व’च्या आधीचं ‘ळे’ आधीच गुरू, म्हणून जोडाक्षराचा काही प्रश्न नव्हता, पण ‘कोल्हापूर’ला मात्र मुलं उगाचच ‘को’पाशी थबकली आणि गाडी सुटली.

घरचा अभ्यास म्हणून मी एकदा सांगितलं होतं, घरात दोन-तीन वर्षांचं भावंड असेल तर त्याच्या ‘चुका’ लिहून आणा. एकाच्या धाकट्या बहिणीने ‘मी करलं’ म्हटलं होतं. वर्ग हसला. मी विचारलं, हे तिला कुणी शिकवलं? घरात तर कुणीच ‘करलं’ म्हणत नाही. मुलं विचारात पडली. बसलं, पडलं, धरलं, भरलं, अशी ओळ फळ्यावर लिहिली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काही तरी हललं. त्या चिमुरडीने एकही तक्ता पाठ केला नव्हता. तिने कानांनी नियम ओळखला होता आणि ‘कर’ला लावून पाहिला होता. ‘केलं’ हे पुढे ती शिकेलच. तिच्या भावाने वहीत ‘चूक’ हा शब्द खोडला आणि त्या जागी काय लिहावं ते न सुचून रिकामी रेघ ठेवली.

‘हून’वाला मुलगा पुन्हा माझ्याकडे आला तो बऱ्याच दिवसांनी, दिवाळीच्या सुट्टीनंतर. सुट्टीत तो आजीकडे गेला होता. पुठ्ठ्याची पाटी त्याने मागून नेली होती, सोबत होती ती. म्हणाला, “आजीनं इचारलं, ह्ये काय गळ्यात? म्हनलं, प्रत्यय. म्हनलं, कुठूनतरी येतो तेव्हा लागतो, गावाहून, घराहून. तर ती म्हनली, आपन कुठं असं बोलतो? आपन म्हनतो, गावासनं. घरनं.” मग जरा थांबून, “बाई, म्हनून मला कुनी घेत नव्हतं. आमच्यात ‘हून’ नसतंयच.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. लिंबाच्या झाडाखाली तो उभा होता तेव्हा मी त्याला पुण्याकडे पाठवलं होतं. त्याच्या स्वतःच्या गावातून, त्याच्या घरातून येणारी वाट मला माहीत होती, मीही त्याच वाटेने आलेली. ‘कुठनं आलीस?’ हे मी लहानपणी हजारदा ऐकलेलं. तरी पाट्या लिहिताना ते माझ्या पेनात उतरलं नव्हतं.

पिशवीत एक लग्नपत्रिका शिल्लक होती. ती फाडून मी त्याला पेन दिलं. त्याने ‘सनं’ लिहिलं, मोठ्या अक्षरात, रेघ जरा वाकडी. त्या दिवशी मैदानावर शिट्टी वाजली तेव्हा शब्दच त्याच्याकडे धावले. गावासनं, शेतासनं, साताऱ्यासनं, मामाच्यातनं, शाळंतनं. काहींना ‘सनं’ लागत नव्हतं, नुसतं ‘नं’ पुरत होतं. ते कुठे लागतं आणि कुठे नाही यावर वाद झाला, आणि त्या वादात ‘हून’सुद्धा कुणाच्या तरी गळ्यात होता आणि तोही ओरडून बोलत होता. परीक्षेत हूनच लिहायचं, हे मी सांगितलं. ते त्यांना ठाऊकच होतं.

वर्गाच्या भिंतीवर विभक्तीचा तक्ता आहे, कुठल्याशा जुन्या बाईंनी रंगवलेला, कोपऱ्यातला रंग उडालेला. पंचमीपुढे ऊन, हून. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी खडूने त्यांच्याखाली ‘सनं’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडून आत गेले तर त्याखाली आणखी अक्षरं होती, वेगवेगळ्या हातांची. कडनं. पास्नं. धरनं. शेवटचं एक अर्धंच लिहिलेलं होतं. खडू बहुतेक तुटला असावा. त्याचा तुकडा खाली फरशीवर पडला होता.